एचएसआरपी: गाडीला शोभते, संग्रहात घेऊ नये

गाडीवर लावायची पाटी म्हणून एचएसआरपीला, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटला, चांगले गुण द्यावे लागतात. जुन्या नंबरप्लेट जमवणाऱ्याच्या फळीवर मात्र तिला जागा नाही, आणि असूही नये. एमएच १५ च्या, म्हणजे नाशिकच्या पाट्यांची नोंद ठेवणाऱ्यांना या पाटीत रस आहे तो वेगळ्याच कारणाने. ती बसते तेव्हा जुनी पाटी निघते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांनाही ती सक्तीची झाल्यापासून नाशिकच्या फिटमेंट सेंटरवर जे काही उतरतंय, ते पुन्हा बघायला मिळणार नाही. म्हणून हे परीक्षण दोन्हींचं आहे, बसणाऱ्या पाटीचं आणि निघणाऱ्या पाटीचंही.

आधी बसणारी. १ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वर प्रकाश परत फेकणारी शीट, अक्षरं दाबून उठवलेली. डाव्या वरच्या कोपऱ्यात २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम, त्याखाली निळ्यात ‘आयएनडी’, आणि खाली डावीकडे लेझरने कोरलेला कायमचा ओळख क्रमांक. अक्षरांवरची फॉइल जवळून, तिरप्या उजेडात बघा. ४५ अंशांत ‘इंडिया’ छापलेलं दिसलं पाहिजे. नाक्यावर मिळणाऱ्या नकली पाटीत बहुतेकदा हेच नसतं, होलोग्रामच्या जागी साधा स्टिकर असतो आणि लेझर क्रमांक छापील असतो. क्रमांक कोरलेला न वाटता छापील वाटला तर पाटी नकली असल्याचा संशय घ्या.

दर ठरलेले आहेत. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकी आणि बाकीच्यांना ७४५. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दुचाकीला ५३१ आणि कारला ८७९ रुपये १० पैसे. घरी येऊन बसवायचे वेगळे. बुकिंग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा. नावात थोडासा फरक असलेली खोटी संकेतस्थळं पैसे घेऊन मोकळी होतात.

नवीन गाडीचं बुकिंग पाच मिनिटांत होतं, जुन्या गाडीचं अडतं. चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक विचारतात, आणि ते परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीतल्या नोंदीशी जुळावे लागतात. हाताने लिहिलेल्या आरसी बुकावरून नोंद चढवताना ८ चा बी आणि शून्याचा ओ झालेला असतो, किंवा मधल्या काळात इंजिन बदललं आणि आरसीवर चढवलंच नाही. मोबाइल नंबर जोडलेला नसणं ही तर रोजची रड. अशा वेळी पुन्हा पुन्हा बुकिंग करून बघण्यात अर्थ नाही. चेसिसची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा), मूळ आरसी आणि विमा घेऊन पेठ रोडला आरटीओत दुरुस्ती करून घ्या, मगच पैसे भरा.

बसवण्याचा भाग सगळ्यात कच्चा. कारची पाटी ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २००, दुचाकीची २०० बाय १०० किंवा पुढे २८५ बाय ४५ मिलिमीटर. जुन्या स्कूटरवर नंबर पुढच्या मडगार्डवर रंगवलेला असायचा, जुन्या बुलेट-राजदूतवर मडगार्डच्या वळणावर दोन्ही बाजूंनी वाचता येणारी पाटी असायची. तिथे सपाट आयताकृती पाटी बसत नाही, क्लॅम्प लागतो. तो बहुतेक सेंटरवर नसतो, तेव्हा आदल्या दिवशी गॅरेजमधून करून न्या. नाहीतर मुलगा थेट मडगार्डला भोक पाडतो, आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज सुरू होतो. पाटी पक्की करणारं स्नॅप लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही, म्हणून ते दाबायच्या आधी पाटीवरचा नंबर, दोन्ही लेझर क्रमांक आणि पावती जुळवून पहा. कारच्या काचेवर तिसरी पाटी म्हणून लावायचा स्टिकरही मागून घ्या. तो डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा असतो. टिकाऊपणाबद्दल दोनच तक्रारी: पार्किंगमध्ये जरासा धक्का लागला की १ मिलिमीटरचा पत्रा वाकतो, आणि वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला की होलोग्रामची कड उचलते.

आता निघणारी पाटी. मालकाला आधीच सांगून ठेवलं नसेल तर ती कोपऱ्यातल्या पोत्यात जाते आणि तिथून भंगारात. ५०० बाय १२० ची अ‍ॅल्युमिनियमची पाटी जेमतेम १६० ग्रॅम भरते, तेवढ्याच मापाची लोखंडी अर्ध्या किलोच्याही आत, ४७० ग्रॅमच्या आसपास. भंगारवाला वजनावर घेतो, त्यामुळे त्याला भावाची नाही, आधी बाजूला काढून ठेवण्याची गळ घाला. अर्थात भंगारातून घेतलेल्या पाटीला इतिहास नसतो. मालकाच्या हातून, तारीख आणि गाडीचा प्रकार लिहिलेल्या चिठ्ठीसह घेतलेली पाटी तिच्या दहापट मोलाची.

काळ ओळखताना रंगावर घाई करू नका. आज पांढऱ्यावर काळं म्हणजे खासगी गाडी, पण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खासगी गाडीला काळ्यावर पांढरं असायचं आणि पांढऱ्यावर काळं हे भाड्याच्या गाडीचं लक्षण होतं. तेव्हा ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरी (एमएच १५ सारख्या कोडऐवजी नुसती तीन अक्षरं असलेली) पांढरी पाटी मिळाली तर ती ट्रक-टॅक्सीची असण्याचा संभव जास्त. तीन अक्षरी पद्धत १९८९ पर्यंतची. १ जुलै १९८९ ला १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच १५ आलं. ‘बी’ने सुरू होणारी पाटी मुंबई राज्याची, पण म्हणून महाराष्ट्राची म्हणू नका. १ मे १९६० पर्यंत गुजरातही त्याच राज्यात होता. मालेगावचा एमएच ४१ वेगळ्या रकान्यात ठेवा. आणि ठक्कर बाजार स्टँडवरच्या एसटीवर एमएच १५ शोधत बसू नका. एसटीच्या गाड्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत बांधल्या जायच्या, म्हणून पाट्या एमएच १४, २० आणि ४० च्या.

एचएसआरपीने सगळ्यात मोठा घाला घातलाय तो देवनागरी पाट्यांवर. नियमात अक्षरं रोमन आणि अंक इंग्रजीच हवेत, त्यामुळे पेंटरच्या हातची ‘एमएच १५’ आता संपली. २१४ चं ‘राम’ करणारी पाटी नियमबाह्यच होती, तिच्यासाठी गळा काढायला नको. पण प्रत्येक पेंटरच्या ५ ची शेपटी वेगळी होती, आणि ती कुठेच नोंदलेली नाही. इथे ट्रॅक्टर-ट्रॉल्या सोन्याची खाण आहेत. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचे नंबर वेगळे, आणि ट्रॉलीचा बहुतेकदा थेट फाळक्यावर रंगवलेला. तो काढून आणता येत नाही, फोटोच घ्यावा लागतो. कांद्याच्या हंगामात लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर सकाळी रांग लागते, गाड्या उभ्याच असतात, उजेड तिरपा असतो. चालकाला विचारूनच फोटो काढा.

एका पाटीचे चार फोटो पुरेत: समोरून, मागून, तिरप्या उजेडात, आणि कडेला स्टीलची पट्टी ठेवून. मागची बाजू कधीही सोडू नका. रिबिटची भोकं, जुन्या नंबराचा रंग, पेंटरची सही, सगळं तिथेच सापडतं. अक्षराची उंची व्हर्निअरने मोजा. नियमात कारला ६५ मिलिमीटर, मोटरसायकलला मागे अक्षरं ३५ आणि अंक ४०, पुढे दोन्ही ३०. यापेक्षा वेगळं माप निघालं तर तसं लिहा, ‘सुधारून’ लिहू नका. लोखंड की अ‍ॅल्युमिनियम ते चुंबकाने ठरवा.

साफ करायला पाणी, दोन थेंब सौम्य साबण आणि मऊ सुती कापड एवढंच. थिनर लावला की हातरंगाई पुसली जाते. गंजावर सँडपेपर नको, कोरडा ब्रश फिरवा आणि थांबा. ठेवायला पीव्हीसीची पिशवी घेऊ नका. ती कालांतराने चिकट होते आणि रंग उचलते. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मध्ये साधा कागद, सोबत सिलिका जेल. जून ते सप्टेंबरमध्ये ते महिन्याला बदला.

एक पथ्य कडक पाळा. घेण्याआधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर तपासा. गाडी चालू असेल तर मालकाच्या चिठ्ठीशिवाय पाटी घेऊ नका, आणि फोटो टाकताना शेवटचे दोन अंक झाका. एचएसआरपी तर गाडीवरून काढून घ्यायचीच नाही. अपवाद फक्त फोटोचा. जुन्या तीन अक्षरी नंबराची एचएसआरपी दिसली तर जरूर टिपा. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हीए’ मालिका आली, पण आधीच नोंदवलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. त्यामुळे नव्या पत्र्यावर जुना नंबर हा प्रकार पूर्ण कायदेशीर आहे, आणि रस्त्यावर फार क्वचित दिसतो.