डिमेन्शियासाठीचं वार-घड्याळ : गोव्यातल्या घरात कितपत चालतं?

८ इंची पडदा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत वार, सकाळ की संध्याकाळ, वेळ, तारीख. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांसाठी म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या या घड्याळाला पाचांत साडेतीन गुण. अर्धा गुण भाषेपायी गेला, एक विजेपायी.

आधी जमेची बाजू. डिमेन्शियाचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे अल्झायमर; त्याचा पहिला घाव बहुधा मेंदूतल्या एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागावर आणि त्याला लागून असलेल्या हिप्पोकॅम्पसवर बसतो. नवी आठवण पक्की करायचं काम याच भागाचं. ‘आज वार कुठला गो?’ हा प्रश्न दहा मिनिटांत पाचदा येतो तो हट्टाने नव्हे. उत्तर ऐकलेलं असतं, साठवलेलं नसतं. हे घड्याळ काही आठवायला लावत नाही, फक्त वाचायला लावतं. वाचनाची यंत्रणा मेंदूत इतरत्र असल्यामुळे ती पुष्कळदा बरीच उशिरा ढासळते.

गोव्यात याची गरज जरा जास्तच. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू सकाळी वाजतो तसा संध्याकाळीही. संध्याकाळचा ऐकून आजी चहाचं आधण ठेवते आणि नातवंडांना शाळेसाठी हाक मारते. समोर ‘संध्याकाळ’ लिहिलेलं असेल तर समजूत काढायला आधार मिळतो.

पण लिहिलेलं असतं इंग्रजीत. आम्ही पाहिलेल्या मॉडेलमध्ये मराठी नाही. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज काळात, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला देवनागरी लहानपणापासून मुरलेली असते, तीच जास्त काळ साथ देते. घरात जुना टॅब असेल तर सेटिंगमध्ये भाषा मराठी करा, पूर्ण पडद्याचं घड्याळाचं ॲप लावा आणि पडदा बंद होऊ देऊ नका. दिसायला ओबडधोबड, पण कामाला सरस.

वीज हा खरा दोष. ती गेली की आतला नाण्याएवढा सेल फक्त वेळ लक्षात ठेवतो, पडदा काळाच राहतो. तो सेल संपलेला असेल तर वीज परतल्यावर थेट रात्रीचे १२ दिसतात. भर दुपारी ‘रात्र’ वाचून माणूस अंथरुणाकडे निघतो. म्हणून पावसाळ्याआधी सेल बदला आणि प्लग काढून परत लावून वेळ टिकते का ते बघा. ५ व्होल्टची यूएसबी वायर असेल तर मध्ये पॉवर बँक चालते. मात्र स्वतः चार्ज होत असताना पुढे वीज देणारीच घ्या.

औषधाचा गजर बंदच ठेवा. तो वाजतो, माणूस उठून बटण दाबतो आणि डब्याकडे जाईपर्यंत कशाला उठलो तेच विसरतो. वर औषध झालं अशी घरच्यांची समजूत! गोळी हातात द्यायला माणूसच हवा. मध्यरात्रीनंतरच्या वेळेला वेगळं नाव देणारी सोय असेल तर तीही काढा; ३ वाजता ‘रात्र’ एवढंच पुरे. रात्री उजेड कमी करा, नाहीतर खोली उजळते आणि झोप उडते.

जागा एकदा ठरवली की हलवू नका. १९५३ साली शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग गमावलेले हेन्री मोलेसन आरशात बघून रेघ काढायला सरावाने शिकले होते. सराव केल्याचं मात्र त्यांना आठवत नसे. डिमेन्शिया हा वेगळा आजार, पण सवयीची वाट तिथेही बराच काळ शाबूत राहते. त्यामुळे त्याच भिंतीकडे बघण्याची सवय लागू शकते. सोप्यात (बसायच्या खोलीत), बसल्या नजरेच्या उंचीवर, बाल्कांवातला (दारासमोरच्या ओट्यावरचा) उजेड काचेवर पडणार नाही असं लावा. जुनं कॅलेंडर आणि बंद पडलेलं घड्याळ त्याच दिवशी उतरवा.

विकत घेण्याआधी बिनपैशाची चाचणी : कागदावर ठळक ‘मंगळवार, सकाळ’ लिहून समोर धरा. वाचून ‘म्हणजे चहा व्हायचाय’ असं काही आलं तर घड्याळ घ्या. अक्षरं वाचली पण अर्थ लागला नाही, तर पैसे ठेवा.