गेकोचे पिल्लू नर की मादी: तापमानाचा दाखला, भिंग आणि वाट पाहणे यांची तुलना

मराठीत पाल नेहमी स्त्रीलिंगी, सरडा नेहमी पुल्लिंगी आणि पिल्लू मात्र नपुंसकलिंगी असते. पाळीव गेकोच्या, म्हणजे पालीच्याच कुळातल्या या प्राण्याच्या बाबतीत पहिले काही महिने व्याकरणाचा हा शेवटचा निकालच खरा मानावा लागतो, कारण अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगावर नर किंवा मादी ओळखण्याची बाह्य खूण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रंग, डोक्याची रुंदी किंवा स्वभाव पाहून छातीठोकपणे केलेले निदान या वयात अंदाजापलीकडे जात नाही. तरीही पाळणाऱ्याला निर्णय लवकर घ्यावा लागतो. दोन नर एकत्र वाढवले तर वयात येताच ते एकमेकांना जखमी करतात आणि नर-मादी एकत्र वाढवली तर मादीची स्वतःची वाढ पुरी होण्याआधीच तिच्यावर अंडी घालण्याचा ताण येतो. त्यामुळे कोणती पद्धत केव्हा आणि किती विश्वासाने वापरावी, हे आधी ठरवणे आवश्यक असते.

तुलना करण्यापूर्वी आपल्याकडील गेको कोणत्या जातीचा आहे हे पक्के करून घ्यावे, कारण एका जातीला लागू असलेली पद्धत दुसरीला निरुपयोगी ठरू शकते. लेपर्ड गेको आणि आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको यांचे लिंग अंडे उबत असतानाच्या तापमानावर ठरते. क्रेस्टेड गेकोच्या बाबतीत मात्र उबवणीच्या तापमानावरून लिंग सांगता येत नाही. मोर्निंग गेको ही जात तर बहुतांशी केवळ माद्यांचीच असून त्या नराशिवाय प्रजनन करतात, त्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. पुढील विवेचन मुख्यतः लेपर्ड आणि क्रेस्टेड या सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या दोन जातींना धरून केले आहे.

उबवणीच्या तापमानाचा दाखला

लेपर्ड गेकोचे अंडे साधारण २६ अंश सेल्सियसला उबवले तर जवळजवळ सर्व पिल्ले माद्या निघतात. तापमान ३० अंशांच्या आसपास असेल तर माद्यांबरोबर काही नर मिळू लागतात, ३२ ते ३३ अंशांच्या दरम्यान नरांची संख्या अधिक होते आणि ३४-३५ अंशांकडे गेल्यावर, अनेकांना आश्चर्य वाटेल, पण पुन्हा माद्याच अधिक निघतात. लिंग ठरण्याचा काळ उबवणीच्या पूर्वार्धात येऊन जातो, त्यामुळे नंतर तापमान बदलले तरी झालेला निर्णय फिरत नाही.

या पद्धतीचा मोठा गुण असा की पिल्लाला हात लावण्याची गरजच पडत नाही आणि उत्तर पिल्लू जन्माला येण्याआधीच मिळते. मात्र विकणाऱ्याने ‘मादी’ असे सांगणे आणि ‘नर’ असे सांगणे यांचे मोल सारखे नसते. कमी तापमानाला उबवलेल्या पिल्लाला मादी म्हटले असेल, तर ते विधान बऱ्यापैकी भरवशाचे असते. याउलट ३२-३३ अंशांना उबवलेल्या पिल्लाला नर म्हटले असेल, तर ते केवळ संभाव्यतेचे विधान असते, कारण त्या तापमानालाही काही माद्या निघतातच. याशिवाय इन्क्युबेटरच्या, म्हणजे अंडी उबवण्याच्या पेटीच्या सर्व कोपऱ्यांत तापमान सारखे नसते. तापमापक एका बाजूला आणि अंड्यांचा डबा दुसऱ्या बाजूला असेल, तर नोंदवलेला आकडा आणि अंड्याने प्रत्यक्ष अनुभवलेले तापमान यांत फरक पडतो. म्हणून विकणाऱ्याला ‘नर की मादी’ एवढेच न विचारता ‘किती अंशांना उबवले, आणि तापमापक कुठे ठेवला होता’ असे विचारावे. ज्याने हे काम मन लावून केले आहे, तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न अडखळता देतो.

भिंगाखाली दिसणारी छिद्रे

घरच्या घरी करता येण्याजोग्या पद्धतींमध्ये मला ही सर्वांत उपयुक्त वाटते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मागच्या दोन पायांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी असलेल्या आडव्या फटीच्या किंचित वर, म्हणजे डोक्याच्या बाजूला, खवल्यांची एक ओळ कोन करून बसलेली असते. नराच्या या खवल्यांच्या मधोमध छिद्रे असतात आणि वयात आल्यावर त्यांतून मेणासारखा पिवळसर स्राव बाहेर येतो. लेपर्ड गेकोच्या मादीतही या ठिकाणी उथळ खळगे असतात, पण ते लहान असतात आणि त्यांत मेण साचत नाही. क्रेस्टेड मादीत हे खवले बहुधा सपाटच दिसतात.

पिल्लाच्या बाबतीत अडचण आकाराची असते. क्रेस्टेड गेकोचे पिल्लू जन्मतः दीड-दोन ग्रॅमचे असते, त्यामुळे त्याच्या एका खवल्यावरचे छिद्र पाहण्यासाठी दहापट भिंग अपुरे पडते. सोनार वापरतात तसे, दिवा बसवलेले तीसपट ते साठपट क्षमतेचे भिंग घ्यावे लागते. साधारण तीन ते पाच ग्रॅम वजनापासून काही नरांमध्ये छिद्रे दिसू लागतात आणि काहींमध्ये ती बरीच उशिरा उमटतात.

पाहण्याची रीतही महत्त्वाची आहे. पिल्लाला उताणे करून बोटांत दाबून धरू नये आणि शेपटीला तर मुळीच धरू नये, कारण घाबरलेला गेको शेपूट टाकून देतो. लेपर्ड गेकोला निदान दुसरी, थोडी बेढब का होईना, शेपटी फुटते, पण क्रेस्टेड गेकोची एकदा गेलेली शेपटी पुन्हा कधीच येत नाही. त्याऐवजी क्रेस्टेडला पारदर्शक डब्यात सोडावे. त्याच्या बोटांना चिकटपट्ट्या असल्याने तो थोड्याच वेळात उभ्या भिंतीला पोट लावून बसतो आणि बाहेरून भिंग टेकवून हवे तितका वेळ पाहता येते. लेपर्डच्या बोटांना अशा चिकटपट्ट्या नसतात, त्यामुळे त्याला सपाट पारदर्शक तळाच्या डब्यात ठेवून खालून पाहावे लागते. प्रकाश समोरून न पाडता तिरपा पाडावा, म्हणजे खळग्याच्या एका कडेला सावली पडून तो उठून दिसतो. कात टाकण्याच्या आधीचे दिवस टाळावेत, कारण त्या काळात कातडी दुधाळ झालेली असते आणि काहीच नीट कळत नाही.

आता मर्यादा. छिद्रांची स्पष्ट, सलग ओळ दिसली तर पिल्लू नर आहे, आणि हा निष्कर्ष सहसा बदलावा लागत नाही. पण ओळ दिसली नाही, तर पिल्लू मादी आहे असे म्हणता येत नाही. ते मादी असेल, किंवा छिद्रे अजून न उमटलेला नर असेल. माझ्याकडच्या एका क्रेस्टेड पिल्लाला चार ग्रॅम वजनाला मी निःशंकपणे मादी ठरवले होते आणि नऊ ग्रॅमला त्याच खवल्यांच्या मधोमध बारीक टिंबांची रांग उभी राहिली. चूक भिंगाची नव्हती, मी घाई केली होती.

म्हणजे तापमानाचा दाखला मादीविषयी खात्रीने आणि नराविषयी सैलपणे बोलतो, तर भिंग नराविषयी खात्रीने आणि मादीविषयी सैलपणे बोलते. लेपर्ड गेको घेणाऱ्याला ही दोन्ही साधने उपलब्ध असतात आणि एकाची उणीव दुसरे बऱ्याच अंशी भरून काढते. क्रेस्टेड घेणाऱ्याजवळ मात्र भिंग आणि काळ एवढेच उरते.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून काढलेले छायाचित्र हा भिंगाचाच स्वस्त पर्याय आहे. त्याचा खरा फायदा असा की दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागेचे चित्र काढून आधीच्या चित्राशेजारी ठेवता येते. तोटा असा की कॅमेरा खवल्यांच्या कडा आपोआप ठळक करतो आणि दोन खवल्यांमधली साधी फट छिद्रासारखी भासू लागते. छिद्र खवल्याच्या मध्यावर असते आणि फट कडेला, एवढे लक्षात ठेवले तर फसगत कमी होते.

शेपटीखालचा फुगवटा

नराचे जननेंद्रिय दुहेरी असते आणि ते शेपटीच्या मुळाशी आत दडलेले असते. वयात येताना तिथे दोन फुगवटे दिसू लागतात. लेपर्डमध्ये ते साधारण सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत, तर क्रेस्टेडमध्ये बहुधा दहा ते पंधरा ग्रॅम वजनाच्या पुढे स्पष्ट होतात. या पद्धतीला उपकरण लागत नाही आणि पूर्ण वाढीच्या प्राण्यात तिच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही. पिल्लाच्या बाबतीत मात्र ही वस्तुतः वाट पाहण्याचीच पद्धत आहे. लठ्ठ शेपटीच्या लेपर्ड मादीतही मुळाशी किंचित उंचवटा दिसू शकतो, म्हणून फुगवटा एकसंध आहे की मधल्या घळीने दोन भागांत विभागलेला आहे, हे पाहावे.

उरलेल्या पर्यायांना फार जागा देण्याचे कारण नाही. सापांमध्ये वापरली जाणारी सळई आत घालून पाहण्याची, किंवा शेपटीचे मूळ दाबून अवयव बाहेर काढण्याची पद्धत एवढ्याशा गेकोवर वापरू नये. त्यात इजा होण्याचा धोका मोठा आणि मिळणारी माहिती थोडी असते. लेपर्ड गेकोला लिंग ठरवणारी गुणसूत्रेच नसल्याने पक्ष्यांप्रमाणे डीएनए चाचणी करून उत्तर मिळत नाही. पशुवैद्याकडे नेल्यास तेही पिल्लाच्या बाबतीत मुख्यतः भिंगानेच पाहतील, फक्त त्यांची नजर अधिक सरावलेली असेल.

कोणी काय निवडावे

एकच गेको पाळायचा असेल आणि तो नर असो वा मादी, फारसा फरक पडणार नसेल, तर काहीही न करता वाट पाहणे हाच उत्तम पर्याय आहे. मादीच हवी असेल, तर कमी तापमानाला उबवलेले लेपर्डचे पिल्लू हा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो. नरच हवा असेल, तर तापमानाच्या आकड्यावर न विसंबता छिद्रे दिसू लागलेले, थोडे मोठे पिल्लू निवडावे. क्रेस्टेड मादी हवी असणाऱ्याने वीस-पंचवीस ग्रॅमपर्यंत वाढलेला प्राणी घेण्याची तयारी ठेवावी, कारण त्याआधी केलेले ‘मादी’ हे निदान सहसा ‘छिद्रे अजून दिसली नाहीत’ एवढेच सांगत असते.

दोन पिल्ले एकदम घेतली असतील, तर दोघांची लिंगे पक्की होईपर्यंत त्यांना वेगवेगळ्या डब्यांत ठेवावे आणि दर आठवड्याला वजनाची नोंद करावी, कारण या प्राण्यांत वयापेक्षा वजन अधिक नेमके बोलते. ती आधीच काही काळ एकत्र राहिली असतील आणि त्यांपैकी एक नर निघाला, तर केवळ वेगळे केल्याने विषय संपत नाही. लेपर्ड मादी नराचे शुक्रजंतू शरीरात साठवून ठेवू शकते आणि नराला दूर केल्यावरही फलित अंडी घालू शकते, बहुधा एका वेळी दोन. म्हणून तिच्या डब्यात ओलसर माती भरलेले भांडे ठेवावे आणि तिच्या आहारातील कॅल्शियम लगेच वाढवावे.