एका कानाने पाहिलेलं २०२४

माझा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला, तो कायमचाच. उजवा ठणठणीत आहे, पण एकट्या कानाला आवाज कुठून आला ते कळत नाही आणि गलक्यातून एखाद्याचं बोलणं वेगळं काढता येत नाही. थिएटरात मी पडद्याकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला येणारी कडेची खुर्ची घेते, म्हणजे चालू कान हॉलच्या मध्याकडे राहतो. छतातल्या स्पीकरमधून हेलिकॉप्टर गेलं की सगळे वर बघतात. मी त्यांच्याकडे बघते.

हे आधीच सांगितलं, कारण माझी २०२४मधल्या आवडत्या सिनेमांची यादी त्यामुळे जरा वाकडी आहे. ‘ड्यून’चा दुसरा भाग तीत नाही. वाळूतल्या अळ्यांना ठेका ऐकू जाऊ नये म्हणून माणसं बेताल पावलं टाकतात, ती कल्पना मला फार आवडली, पण हान्स झिमरच्या संगीताखाली संवाद असे दबले की मध्यंतरापर्यंत माझी मान दुखायला लागली. ‘अ क्वाएट प्लेस : डे वन’ पण नाही. एका मैत्रिणीने “हा तर तुझाच सिनेमा” म्हणून नेलं होतं. त्यात शांतता आहे ती पुढच्या दचक्याची तयारी म्हणून, आणि असलं दचकवणं मला रस्ता ओलांडताना रोज फुकट मिळतं. मांजर मात्र छान होतं.

वर्षातलं दुसरं मांजर ‘फ्लो’मधलं. लाटवियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा हा ॲनिमेशनपट. पूर येतो, माणसं कुठेच नाहीत, आणि एका शिडाच्या होडीत मांजर, कॅपिबारा, लेमूर, कुत्रा आणि एक लांब पायांचा पक्षी असे अडकतात. कुणी माणसासारखं बोलत नाही. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचेच घेतलेत. फक्त कॅपिबाराचा खरा आवाज त्याच्या त्या निवांत थोराडपणाला शोभेना, म्हणून उंटाच्या पिल्लाचा वापरला. हे वाचल्यावर मी तेवढ्यासाठी पुन्हा पाहिला. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेलं काम आहे आणि काही ठिकाणी प्राण्यांची अंगं व्हिडिओ गेमसारखी सपाट दिसतात, ते खरं. पण पाणी बघा. शिवाय घरच्यांबरोबर बसून मी एकदाही “काय म्हणाला?” असं विचारलं नाही, असा आयुष्यातला हा पहिलाच सिनेमा. पुढे ऑस्कर मिळालं तेव्हा घरात सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले.

‘लापता लेडीज’ने सुरुवातीला मला रडकुंडीला आणलं. ऐकण्यातली तूट मी ओठ वाचून भरते, आणि इथे नायिकांच्या तोंडावर हातभर घूंघट! हिंदी सिनेमाला थिएटरात हिंदी सबटायटल्स कोण देणार? रेल्वेच्या डब्यात कोणती नवरी काय बोलली ते मला अजिबात कळलं नाही. मग लक्षात आलं की नवरदेव दीपकचीही नेमकी हीच पंचाईत झाली आहे, म्हणून तर तो भलतीच बायको घेऊन उतरतो. पोलिसांना दाखवायला त्याच्याकडे लग्नाचा फोटो आहे, त्यातही घूंघट. त्या फोटोला मी इतकी हसले की पुढच्या रांगेतल्याने वळून पाहिलं. किरण राव यांनी हा विनोद शेवटपर्यंत जपून वापरलाय. शेवटाकडे मात्र जो तो आपापला शहाणपणाचा संवाद म्हणून घेतो, तेवढं खटकलं. अपवाद स्टेशनवर टपरी चालवणाऱ्या मंजू माईचा. छाया कदम यांचे ओठ वाचायला सोपे आहेत. त्या वाक्य गिळत नाहीत, शेवटचा शब्दही पुरता सोडतात.

त्याच छाया कदम ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये पार्वती होतात. नवरा गेलेली, घराचा एकही कागद हातात नसलेली आणि म्हणून बिल्डरपुढे हरलेली इस्पितळातली स्वयंपाकीण. पायल कपाडियाच्या या सिनेमाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. मला वेगळ्याच गोष्टीचं अप्रूप. मल्याळम, हिंदी आणि मराठी मिळून बनलेला असल्यामुळे अख्खं थिएटर सबटायटल्स वाचत होतं. त्या दिवशी मी कुणापेक्षा मागे नव्हते. सुरुवातीला मुंबईच्या दृश्यांवर माणसांचे आवाज येतात. मी सवयीने ते कोण बोलतंय ते शोधत राहिले, ओठ काही सापडेनात. शोधायचंच नव्हतं. परदेशातल्या नवऱ्याकडून आलेला असावा असा राइस कुकर त्याच इस्पितळातली नर्स प्रभा रात्री एकटीच कवटाळून बसते, तिथे तर ऐकण्यासारखं काही नाहीच. प्रभा झालेली कनी कुसरुती नुसती बसलेली आहे आणि आपल्याला बघवत नाही. दुसऱ्या भागात समुद्रातून एक माणूस किनाऱ्यावर येतो, तिथे सिनेमा माझ्या हातून थोडा निसटला. प्रभा आणि पार्वती मिळून बिल्डरच्या फलकावर दगड मारतात ते मात्र विसरणार नाही.

‘मंजुम्मल बॉइज’बद्दल सगळे गुहेच्या सेटचं कौतुक करतात. करावंच. २००६ साली कोडईकनालच्या गुणा गुहेत एक तरुण खोल फटीत पडला आणि मित्रांनी त्याला बाहेर काढलं, ती खरी घटना दिग्दर्शक चिदंबरमने मांडलीय. पहिला अर्धा तास पोरांच्या धिंगाण्यात जातो आणि मी घड्याळ बघितलं, कबूल करते. त्यातच ते रस्सीखेच हरतात. ती रस्सी पुढे कुठे येते ते कळल्यावर घड्याळाची लाज वाटली. पण माझ्या पोटात गोळा आला तो हाकांनी. वरून सगळे “सुभाष! सुभाष!” ओरडतात आणि खालून काही येत नाही. मला गर्दीत कुणी हाक मारली की मी हमखास उलट दिशेला वळते. खाली पडलेल्याला ती हाक कुठून येतेय असं वाटत असेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात चालू होता.

आता पहिला नंबर. एवढं सगळं सांगून मी निवडते तो सिनेमा जवळजवळ तीन तास नुसत्या गप्पांचा आहे.

सी. प्रेमकुमारच्या ‘मेय्यळगन’मध्ये अरुळमोळी, म्हणजे अरविंद स्वामी, भावकीच्या भांडणात वडिलोपार्जित घर सोडून गेलेला. बावीस वर्षांनी बहिणीच्या लग्नासाठी तंजावरकडे परततो. लग्नात एक तरुण नातेवाईक त्याला गच्च मिठी मारतो, जेवायला वाढतो, जुन्या आठवणी काढतो, पाठच सोडत नाही. ही भूमिका कार्तीची. आणि अरुळला त्याचं नाव आठवत नाही. विचारायची वेळ पहिल्या मिनिटाला असते, ती निघून जाते. मग तो हसतो, मान डोलावतो, “हो हो” करतो. रात्र वाढते, समोरचा मन मोकळं करत जातो आणि नाव विचारणं अधिकाधिक अशक्य होतं.

ही मान मला माहीत आहे! समोरचा काही सांगतो, मला ऐकू येत नाही, मी एकदा “काय?” म्हणते, दोनदा म्हणते, तिसऱ्यांदा लाज वाटते आणि मी हसून मान हलवते. एकदा एका बाईंनी मला त्यांच्या भावाचं दुखणं सांगितलं होतं आणि मी “अरे वा” म्हणाले होते. अरविंद स्वामीने ते अवघडलेलं हसू इतकं बरोबर पकडलंय, गाल वर आणि डोळे पळ काढणारे, की मी सिनेमा थांबवून पाणी पिऊन आले. कार्तीच्या माणसाला समोरच्याचं अवघडलेपण दिसतच नाही. अरुळने मागे टाकलेली जुनी सायकल त्याने देवासारखी जपून ठेवलीय. इतकं प्रेम मिळाल्यावर अरुळ काय करतो, तर रात्रीच कुणाला न सांगता पळून जातो. मीही घरच्या समारंभातून अशी लवकर सटकलेली आहे, डोकं दुखतंय म्हणून.

सिनेमा लांबलाय म्हणून प्रदर्शनानंतर अठरा मिनिटं कापली गेली. मला तरीही काही गप्पा जास्तच वाटल्या, इतिहास आणि जल्लिकट्टूवरच्या तर नक्कीच. पण त्या कंटाळ्यातही मी अरुळच्याच बाजूला बसले होते, मान डोलावत.

अगदी शेवटी फोनवर ते नाव उच्चारलं जातं. मी घरी बघत होते आणि सबटायटल्स आवाजाच्या जरा पुढे धावत होती. एरवी मी याच्यावर वैतागते. या वेळी नाव आधी पडद्याच्या तळाशी उमटलं, आणि फोनवरचा आवाज अजून तिथे पोचायचा होता.