घड्याळाच्या सुट्या भागांची पिशवी: शिल्पासाठी घ्यावी का?

जुन्या घड्याळांच्या सुट्या भागांची अर्ध्या किलोची पिशवी मागवली ती एका स्टीमपंक शिल्पासाठी, म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या यंत्रांच्या धाटणीच्या कलाकृतीसाठी. मधोमध भिंग, भोवती दातेरी चाकांचं प्रभामंडळ. कल्पना सुचली अँटिकिथेरा यंत्रावरून, म्हणजे सूर्य-चंद्राची गती आणि ग्रहणं दाखवणाऱ्या प्राचीन दातेरी यंत्रावरून. १९०१ साली समुद्रातून वर आलेल्या त्या ग्रीक यंत्रात २२३ दात्यांचं चाक होतं, कारण ग्रहणांचं चक्र २२३ चांद्रमासांचं. ऑलिंपियाच्या खेळांची तबकडीही त्यातच, आणि ते खेळ म्हणजे ग्रीकांच्या देवराज झ्यूसचा उत्सव! गणित आणि देव एकाच पेटीत नांदत होते, हे मला फार भावतं.

चाकं देखणी आहेत. एकावर कुण्या कारागिराने दुरुस्तीची खूण सुईने कोरलीय. ती न घासता मी दर्शनी बाजूला बसवली.

पण 'सगळं पितळ' म्हणून दिलेल्या मालात निम्मी चाकं मुलामा दिलेल्या लोखंडाची निघाली. चुंबकाला लगेच चिकटली. अमोनिया-मिठाच्या वाफेत पितळेवर सुरेख निळसर हिरवी झाक चढली, यांच्यावर नुसते तांबूस डाग. याचा राग आला. घ्यायचीच असेल तर आल्याआल्या चुंबक फिरवा, आणि डाख देण्याआधी (वितळलेल्या धातूने सांधण्याआधी) चाकांवरचं वार्निश अ‍ॅसिटोनने पुसा, नाहीतर डाख धरत नाही.