फोंड्यातला अमेरिकन इतिहासाचा अभ्यासवर्ग

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेचा इतिहास मराठीतून, तोही फोंड्यात, सहा रविवार शिकवला जाणार असल्याचे कळताच सहाशे रुपये भरून मी नाव नोंदवले. १९०१ मध्ये मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले, तिथपासून १९२० मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती झाली, तिथपर्यंतचा काळ या वर्गात घेतला होता. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना समान हक्कांचा मार्ग मोकळा झाला, या घटनेपासून व्याख्यात्यांनी सुरुवात केली. त्यामुळे तो काळ आम्हा श्रोत्यांना परका वाटला नाही.

तिसऱ्या रविवारसाठी तरी हे शुल्क भरावेच, असे माझे मत आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात लागलेल्या आगीत १४६ कामगार मेले आणि त्यांत बहुतेक ज्यू व इटालियन स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुण मुली होत्या. व्याख्यात्यांनी फळ्यावर खडूने नववा मजला काढला, शिवणयंत्रांच्या लांब रांगा आखल्या, दोन जिने दाखवले आणि त्यांपैकी एका जिन्याच्या दारावर फुली मारली. चोरी होऊ नये म्हणून ते दार कुलूपबंद ठेवले जात असे आणि अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका बाईंनी लगेच विचारले, ‘‘चावी कोणाकडे होती?’’ मालकांवरच्या खटल्याचा सगळा भर याच दारावर होता. दाराला कुलूप असल्याचे मालकांना ठाऊक होते, हे ज्यूरीला न पटल्यामुळे ते सुटले. मात्र ही आग रस्त्यावरून पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स पुढे कारखान्यांच्या चौकशीच्या कामात उतरल्या आणि १९३३ मध्ये देशाच्या कामगारमंत्री झाल्या. त्या चौकशीतून न्यूयॉर्क राज्यात तीसहून अधिक कामगार कायदे झाले. कायदा कसा जन्माला येतो, हे इतक्या स्पष्टपणे मी यापूर्वी ऐकले नव्हते.

दारूबंदीवरचे व्याख्यानही चांगले झाले. बंदी १९३३ मध्ये उठली, हे ठाऊक होते. तिच्यामागे स्त्री-संघटनांची अनेक दशकांची चळवळ होती, हे नव्याने कळले.

माझी खरी तक्रार राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यावरच्या पाचव्या रविवारबद्दल आहे. मध्यवर्ती बँकव्यवस्था, आयकर, महायुद्ध या सगळ्यांना भरपूर वेळ मिळाला, पण वर्णभेदाचा विषय जेमतेम दहा मिनिटांत आटोपला. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले, त्याच वर्षी विल्सन यांच्या सरकारातल्या टपाल आणि अर्थ खात्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळे काढायला सुरुवात झाली होती. मराठी श्रोत्यांसमोर या दोन गोष्टी शेजारी ठेवायला हव्या होत्या. पहिल्या दिवशी गोव्याचा संदर्भ इतक्या जाणतेपणाने देणाऱ्या व्याख्यात्यांकडून ही अपेक्षा फार मोठी नव्हती.

छापील टिपणे नीट आहेत, परंतु त्यांत अमेरिकेचा नकाशा नाही. शिकागो कुठे, टेनेसी कुठे, हे नवख्याला कळत नाही. सभागृहातला शेवटच्या रांगांजवळचा ध्वनिक्षेपक दोन वेळा बंद पडला, त्यामुळे पुढे बसणे बरे.

वर्णभेदासाठी सातवा रविवार ठेवावा, असे पत्र मी आयोजकांना दिले आहे. त्यासाठी वेगळे शुल्क भरायला माझी तयारी आहे, हेही त्यात लिहिले आहे.