त्सुगारूची शेगडीची गाडी : अख्खा हिवाळा प्रवास केल्यानंतर

आधी मत सांगून टाकते. जपानमध्ये हिवाळ्यात गावाकडची एकच रेल्वे बघायची सवड असेल, तर होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतात, त्सुगारू रेल्वेची ‘स्टोव्ह गाडी’ बघा. आणि जमलं तर तिच्यातून दोनदा जा : एकदा शेगडीच्या डब्यात बसून, एकदा तिलाच जोडलेल्या साध्या डब्यात.

मी कामानिमित्त हिरोसाकीत राहते. तिथून ही गाडी जवळ असल्याने डिसेंबरात ती सुरू झाली तेव्हापासून मार्चअखेर बंद होईपर्यंत मी सुट्टीच्या दिवशी, कामाच्या दिवशी, उन्हात, वादळात, एकटीने आणि घरच्यांबरोबर तिच्यात बसले. एका दुपारी येऊन जाणाऱ्याला जे दिसत नाही, ते सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

मार्ग लहान आहे. त्सुगारू-गोशोगावारा ते त्सुगारू-नाकासातो, २०.७ किलोमीटर, १२ स्टेशनं, एकेरी रूळ, वीज नाही. होन्शूवरची ही सर्वांत उत्तरेकडची खासगी रेल्वे. १९३० मध्ये ती सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात डब्यात कोळशाची शेगडी आली. आता १ डिसेंबर ते ३१ मार्च हा शेगडीचा हंगाम. डबे जपानी राष्ट्रीय रेल्वेकडून आलेले, १९४० आणि ५० च्या दशकांतले. पुढे १९५९ सालचं लहान डिझेल इंजिन. त्याच्या चाकांना बाहेरून जोडणारे दांडे असल्यामुळे ते वाफेच्या इंजिनासारखे खालीवर फिरताना दिसतात. शेगडी टिकली यामागेही कारण आहे. वाफेच्या इंजिनामागच्या डब्यांना नळातून वाफ देऊन ऊब देता येई. या डिझेल इंजिनात तशी सोय नाही, म्हणून डबा गरम ठेवायचा तर आग डब्यातच हवी.

प्रत्येक डब्यात दोन शेगड्या. पोट फुगलेल्या, ओतीव लोखंडाच्या, वर छतातून बाहेर जाणारा धुराडा. आपल्याकडचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती चटकन ओळखीची वाटेल. गार्ड मधूनमधून येतो, झाकण उघडतो, फावडीने कोळसा टाकतो आणि पुढे जातो. कोळशाचा वास केसांत आणि लोकरीच्या कपड्यांत दोन दिवस राहतो, चांगला कोट घालून जाऊ नका. शेगडीला लागून असलेली बाकं मिळावीत म्हणून लोक धावतात, पण मी सांगेन की एक बाक सोडून बसा. अगदी जवळ बसलं की दहा मिनिटांत गाल आणि गुडघे भाजून निघतात. दाराजवळ मात्र पाय गारठतात. एक बाक सोडून ऊब बेताची लागते आणि खिडकीची काच पुसत बाहेरही बघता येतं.

गाडी सुटली की गाडीतली सेविका ढकलगाडी घेऊन येते. तिच्याकडे सुकवलेला माकूळ असतो, कपातली साके (तांदळाची दारू) असते, कोळशासारखी दिसणारी काळी बिस्किटं असतात. माकूळ विकत घेतला की ती हातमोजे घालून शेगडीवरच्या जाळीवर तो दाबून भाजते, फाडते आणि हातात देते. हे सगळं चालू असताना ती त्सुगारूच्या बोलीत गावांची माहिती सांगत असते. ही बोली तोक्योच्या माणसांनाही धड कळत नाही, त्यामुळे परदेशी म्हणून वाईट वाटून घेऊ नका, सगळा डबाच अंदाजाने हसत असतो. ज्यांना सुक्या मासळीचा वास सवयीचा आहे, त्यांना भाजल्या माकुळाचा वास घरचा वाटेल. माझी आई पूर्ण शाकाहारी. तिला पहिली पाच मिनिटं जड गेली. शाकाहारी मंडळींनी डब्याच्या टोकाकडची जागा धरावी आणि खायचं बरोबर न्यावं, कारण गाडीत त्यांच्यासाठी फारसं काही नसतं. गोशोगावाराचं एक खास सफरचंद आहे, आतून गरही लाल असलेलं. त्याचा रस गावात मिळतो. तो जरूर घ्या, आंबटसर आणि सुरेख असतो.

आता खरी गोष्ट, म्हणजे बर्फ. सायबेरियाकडून येणारा कोरडा, थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि ते या किनाऱ्यावर बर्फ होऊन पडतं. त्सुगारूचं मैदान म्हणजे मैलोन्‌मैल सपाट भातखाचरं, वाऱ्याला अडवायला काही नाही. त्यामुळे पडलेला भुसभुशीत बर्फ वारा पुन्हा उचलतो आणि जमिनीलगत आडवा फेकत नेतो. याला इथे ‘जिफुबुकी’ म्हणतात. डोक्यावर आकाश निळं असतानाही समोरचा विजेचा खांब दिसेनासा होतो. कानागी गावात तर १९८८ पासून पर्यटकांना मुद्दाम या वाऱ्यात चालवायला नेतात, अंगावर जुनी घोंगडी आणि पायांत बर्फातले जोडे चढवून. गाडीतून हे बघताना आपण आत किती सुरक्षित आहोत हे जाणवतं, आणि त्याचबरोबर हा रूळ रोज सकाळी कुणीतरी मोकळा केलेला आहे हेही. बिशामोन नावाच्या छोट्या स्टेशनाभोवती रेल्वेने बर्फ अडवण्यासाठी लावलेली झाडी आहे. त्या झाडीत शिरताच वारा थांबतो आणि बाहेर पडताच पुन्हा सुरू होतो. भिंती आणि जाळ्यांच्या आधी लोकांनी बर्फाशी कसा मुकाबला केला, हे त्या एका मिनिटात कळलं.

म्हणून महिना निवडताना माझा कौल जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. डिसेंबरच्या सुरुवातीला खाचरं अजून काळी-करडी असतात, मार्चमध्ये चिखल दिसू लागतो. मार्चचा एक फायदा आहे : आभाळ स्वच्छ असलं तर नैऋत्येकडे १,६२५ मीटर उंचीचा इवाकी पर्वत पूर्ण दिसतो. भर हिवाळ्यात तो आठवडेच्या आठवडे ढगात असतो.

फेब्रुवारीत आई-बाबा आले होते. बाबा रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना शेगडीचं कौतुक वाटलं, पण ते खरे रमले कानागी स्टेशनात. तिथे आणि गोशोगावाराला अजून हाताचे सिग्नल आहेत, तारेने ओढून खालीवर होणारे. आणि गोशोगावारा ते कानागी या टप्प्यात गाडी टॅब्लेटवर चालते. टॅब्लेट म्हणजे मधोमध भोक असलेली धातूची चकती. ती चामड्याच्या थैलीत घालून मोठ्या कड्याला अडकवतात. टप्प्याच्या दोन्ही टोकांना यंत्रं असतात आणि ती एकमेकांशी अशी बांधलेली असतात की एका वेळी एकच चकती बाहेर निघते. ज्याच्या हाती चकती, त्याचीच गाडी त्या रुळावर. कानागीच्या पुढे नाकासातोपर्यंत एकच ठरलेली निशाणी पुरते, कारण त्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी जाते. ड्रायव्हरने कडं पुढे केलं, फलाटावरच्या कर्मचाऱ्याने ते घेतलं, आणि बाबा खिडकीतून जवळजवळ ओरडलेच, “अगं, हे आपलं टोकन! आमच्याकडे गोळा असायचा, इथे चकती आहे एवढंच!” मग परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते त्या थंडीत फलाटाच्या टोकाला उभे राहिले, सिग्नल पडलेला बघायला. तो पडला तेव्हा त्यांनी आईला हाक मारून दाखवला. इतकी वर्षं त्यांचं काम नेमकं काय होतं, हे मला त्या दिवशी प्रथमच नीट समजलं. ज्यांच्या घरात जुने रेल्वेवाले आहेत, त्यांनी त्यांना इथे आणाच.

कानागीला उतरून दोन-तीन तास काढता येतात. लेखक दाझाई ओसामू यांचा जन्म इथला, १९०९ चा. त्यांच्या जमीनदार वडिलांनी १९०७ मध्ये बांधलेला लाकडी वाडा आता संग्रहालय आहे. मधली कित्येक वर्षं तो वाडा प्रवाशांची खानावळ-निवास म्हणून चालला. वाड्यात शेगड्या नसलेल्या खोल्यांतून फिरताना मोजे दोन घाला, जमीन बर्फासारखी गार असते. याच गावाला त्सुगारू शामिसेनचं, म्हणजे तीन तारांच्या वाद्याच्या इथल्या वादनशैलीचं, उगमस्थान मानतात. आंधळे वादक दारोदार वाजवत फिरायचे, त्यांच्यात १८५७ साली जन्मलेल्या निताबोचं नाव आद्य म्हणून घेतात. गावातल्या शामिसेनच्या संग्रहालयात प्रत्यक्ष वादन ऐकायला मिळतं. ते ऐकल्यावर या वाद्याच्या तारांवर इतकं जोराने आपटून का वाजवतात ते लक्षात येतं : उघड्यावर, वाऱ्यात, बंद दारांच्या आड ऐकू जायला हवं. पुढचं स्टेशन आशिनो-कोएन. तिथल्या जुन्या लाकडी स्टेशनात कॉफीचं दुकान आहे, एक गाडी चुकवून बसण्यासारखं. नाकासातोपर्यंत अवश्य जा. बहुतेक पर्यटक कानागीला उतरतात आणि पुढे डबा रिकामा होतो.

आता साध्या डब्याबद्दल. शेगडीच्या डब्यासाठी भाड्याशिवाय वेगळं तिकीट काढावं लागतं. पण गावातल्या माणसाने दवाखान्यात जायला ते का काढावं? म्हणून गाडीला ‘हाशिरे मेरोसु’ नावाचा नेहमीचा केशरी डबा जोडतात, दाझाईंच्या कथेवरून नाव ठेवलेला. त्यात नेहमीच्या भाड्यात बसता येतं. मी एका वादळी दिवशी तिथे बसले. समोर एक आजी होत्या, मांडीवर औषधांची पिशवी. शेगडीच्या डब्यातून हसण्याचा आवाज आला, तशा त्या म्हणाल्या, “आज बरीच माणसं आलीत वाटतं. बरं झालं.” त्यांच्या शेजारी शेतकी शाळेची मुलं पेंगत होती. त्या शाळेच्या नावाने इथे एक स्टेशनच आहे. गावं ओस पडत चाललेल्या प्रदेशात शाळकरी पासांवर रेल्वे चालत नाही. शेगडीच्या डब्यात आम्ही भरतो ते जादा पैसे या मुलांची सकाळची गाडी चालू ठेवायला हातभार लावतात. त्या दिवसापासून ते जादा तिकीट मला कधी महाग वाटलं नाही.

उणीवा सांगायला हव्यात. शनिवार-रविवारी सहलींचे मोठे गट येतात आणि मग गाडी म्हणजे गोंगाट. एका सहल कंपनीने आमच्या ओळखीच्या कुटुंबाला फक्त कानागीपर्यंतच नेऊन बसमध्ये चढवलं, त्यांना ना सिग्नल दिसले ना टॅब्लेट. स्वतः या, कामाच्या दिवशी या. फक्त डिसेंबरात कामाच्या दिवशी फेऱ्या कमी असतात, वेळापत्रक पाहून ठेवा. डब्यांच्या पायऱ्या उंच आणि ओल्या असतात, आईला दोघांनी हात द्यावा लागला. लहान मुलं असतील तर शेगडीपासून लांब बसवा. जिफुबुकी फारच वाढली तर गाड्या उशिरा धावतात किंवा थांबवतात, म्हणून त्याच दिवशी परतीची शिंकानसेन (बुलेट ट्रेन) पकडायचा बेत ठेवू नका.

यायचं कसं? तोक्योहून शिंकानसेनने शिन-आओमोरी, साडेतीन तासांच्या आत. पुढे ओउ मार्गाने कावाबे आणि तिथून गोनो मार्गाने गोशोगावारा. वाटेत फुजिसाकी लागतं. आपल्याकडे फळवाल्यांकडे मिळणारं ‘फुजी’ सफरचंद या गावात जन्मलं आणि त्याचं नावही इथलंच. दोन्ही बाजूंना बर्फात गुडघाभर बुडालेल्या सफरचंदाच्या बागा असतात, तेव्हा या टप्प्यात झोपू नका. गोशोगावाराला दोन्ही रेल्वेंची स्टेशनं शेजारीशेजारी आहेत, सामान ओढत लांब जावं लागत नाही.

३१ मार्चनंतर शेगड्या थंड. पण याच रुळांवर उन्हाळ्यात डब्यात वाऱ्याच्या घंटा टांगतात आणि शरद ऋतूत रातकिड्यांचे पिंजरे ठेवतात. त्या गाड्या नेहमीच्याच डब्यांत असतात, वेगळं तिकीट लागत नाही. मी जुलैत पुन्हा जाणार आहे, आणि कुणी त्याआधी जाऊन आलं तर कसं होतं ते जरूर लिहा.