टेन्स मशीन आईच्या सायटिकासाठी घेतलं, वापरून सविस्तर लिहालोय

टेन्स म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून विजेचे बारीक ठोके देऊन दुखणं कमी करणारं मशीन, आणि सायटिका म्हणजे कमरेत नस दबून पायात कळ जाणं. सरळच सांगतो, मशीन चांगलं आहे, घेतल्याचं समाधान आहे, पण दुकानात जे काम सांगून ते विकालेत ते काम हे मशीन करत नाही. "दबलेली नस मोकळी होते, मणका जागेवर येतो" असं सांगून गळ्यात मारतात, मग महिन्याभरानं माणूस म्हणतो काय फरक नाही नि डबा माळ्यावर. निपाणी, चिकोडी, खानापूर कुठंही जावा, घरटी एक तरी माणूस कंबर धरून बसलेलं असतंय, म्हणून जरा लांबड लावालोय, वाचा आणि मग ठरवा.

आई निपाणीत विड्या वळते. मांडी घालून, पाठ वाकवून, पान कापायचं जर्दा भरायचा वळायची दोरा बांधायचा, तास न् तास तेच. कमरेतनं कळ सुटायची ती कुल्ल्यातनं मांडीच्या मागनं पोटरीत नि थेट करंगळीपर्यंत. ती पायच चोळत बसायची, पायाला तेल, पायाला शेक. बेळगावला दाखवल्यावर कळलं की पायाला काही झालेलंच नाही, सगळ्यात खालच्या मणक्यातली गादी सरकून तिथं नसेचं मूळ दबलंय. सायटिक नस ही शरीरातली सगळ्यात जाड नस, कमरेतल्या आणि त्याखालच्या पाच मुळांची मिळून होते नि पार पावलापर्यंत जाते. ती वरती दाबली गेली तरी मेंदू कळ पायातच धरतो, कारण त्या तारेवरनं आलेला निरोप पायाकडचाच असणार हे त्याचं जन्मापासनं ठरलेलं. त्यामुळं पाय कितीही चोळला तरी गादी काय हलत नाही. मशीननं पण हलत नाही बघा, हे आधी डोक्यात पक्कं करा.

मग मशीन करतं काय? त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधनं विजेचे बारीक बारीक ठोके देतं. आपल्या नसेत वेगवेगळ्या जाडीचे तंतू असतात. स्पर्शाचे तंतू जाड, वरनं चरबीचं वेष्टण असलेले, त्यातनं निरोप सेकंदाला पन्नासेक मीटर वेगानं पळतो. ठणक्याचे तंतू एकदम बारीक नि उघडे, त्यातनं सेकंदाला मीटरभर कसाबसा. म्हणून अंगठा उंबऱ्याला ठेचला की आपटल्याचं लगेच कळतं आणि खरी ठणक मागनं येते. दोन्ही निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येतात आणि तिथनं वर जातात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत एक गेट असतंय. आपल्या कोगनोळी टोल नाक्यावरचा माणूस समजा, स्पर्शाचा निरोप आला की तो ठणक्याच्या लेनचा दांडा खाली घेतो, म्हणजे ठणक मेंदूपर्यंत कमी पोचते. लागल्यावर आपण आपोआप चोळतो ते याचसाठी, नि मशीन हे चोळण्याचं काम विजेनं करतं. मूळ मांडणीतले बारकावे पुढं बदलले, पण मज्जारज्जूत निरोप अडवला जातो ही गोष्ट टिकली.

आणि हे गेट फक्त खालनं चालत नाही, वरनं मेंदू पण त्याला हुकूम देतो. घरात लग्नकार्य असलं की आईला दिवसभर दुखणं आठवत नाही, रात्री सगळं शांत झालं पाठ टेकली की पाय फुटालाय म्हणते. लोकांना वाटतं ढोंग करालीय. ढोंग नव्हं हो ते! काळजी, भीती, अपुरी झोप यानं मेंदू गेट उघडं सोडतो, लक्ष दुसरीकडं असलं की बंद करतो. घरातल्या बायकांचं दुखणं असं "मनाचं आहे" म्हणून उडवून लावतात त्याचा मला फार राग येतो, मन काय शरीराबाहेर असतंय काय?

आता वापर. आमचं दोन चॅनेलचं चार पॅडचं आहे, चार्जिंगवर चालतं, दोन हजाराच्या आसपास पडलं. फिजिओच्या मॅडमनी सेटिंग लावून दिलं, ८० ते १२० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तेवढे ठोके, यात झिणझिण्या येतात आणि गेटवाला परिणाम मिळतो. दुसरं २ ते ४ हर्ट्झ, यात स्नायू टकटक उडतो, त्यानं शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं, अफूच्या जातीची रसायनं असतात ती, आपल्याच शरीरात तयार होणारी. जोर किती ठेवायचा? झिणझिण्या जोरात लागल्या पाहिजेत पण दुखायला नको. एकदम हळू ठेवून "आईला करंट लागंल" म्हणून घाबरत वापरलं तर काहीच होत नाही. वीस-तीस मिनिटं बास. रोज तेच सेटिंग ठेवलं तर शरीर सरावतं आणि गुण कमी येतो, म्हणून मॅडम फ्रिक्वेन्सी बदलत ठेवा म्हणाल्या. कॅफिननं टेन्सचा परिणाम कमी होतो असं एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं, म्हणून आईचा चहा आता मशीननंतर असतो, आधी नाही.

गुण किती? मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ आईला खरंच हलकं वाटतं. पण तेवढ्यावर थांबलं तर पैसे वाया. त्या हलक्या वेळात ती मॅडमनी सांगितलेले व्यायाम करते, गल्लीत चालून येते, जे ठणक असताना जमत नव्हतं. मला तर मशीनची खरी किंमत हीच वाटते. बहुतेकांची सायटिका काही आठवड्यांत-महिन्यांत हळूहळू आपली आपण कमी येते, तेवढा काळ माणूस अंथरूण न धरता हिंडता-फिरता राहिला पाहिजे. जुनाट दुखण्यावर टेन्स किती लागू पडतं याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, कुणाला लागू पडतं कुणाला नाही, त्यामुळं आधी फिजिओकडं लावून बघा, बरं वाटलं तरच विकत घ्या.

कुणी वापरू नये ते दुकानदारानं एका शब्दानं सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. पेसमेकर असंल तर अजिबात नको. गरोदर बाईच्या पोटा-कमरेवर नको, गळ्यावर पुढच्या बाजूनं कधीच नको, फिट येत असंल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. जखमेवर नको. आणि शुगरवाल्यांनी नीट वाचा, शुगरनं पायाच्या नसा खराब झालेल्या असू शकतात, मग पाय बधिर असतो, तिथं करंट किती लागालाय ते कळतच नाही आणि कातडी भाजते. आधी कापूस फिरवून बघा स्पर्श कळतो का.

लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलंना झालं, यातलं काहीही झालं तर मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी बेळगावला सिव्हिल नाहीतर केएलई हॉस्पिटल गाठा. तिथं नसांचा सगळा जुडगा दबलेला असू शकतो, उशीर झाला तर ताकद परत येत नाही.

तक्रारी दोन. मॅन्युअल इंग्लिश नि चायनीजमध्ये, मराठी नाही कन्नड पण नाही, आईसारख्या माणसानं ते एकटीनं वापरायचं कसं? मी बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवून दिल्या, हिरवी चालू, लाल बंद. दुसरं पॅड, आमच्याकडं अंगाला तेल लावायची सवय, तेलकट कातडीवर पॅड चिकटत नाहीत नि लवकर खराब होतात. आधी साबणानं धुऊन पुसून घ्या, काढताना मशीन बंद करूनच काढा, झालं की प्लास्टिकवर परत चिकटवून ठेवा. नवीन पॅड सुटे मिळतात, फक्त वायरचं टोक पिनवालं आहे की बटणवालं ते बघून घेऊन जावा. पाचपैकी चार स्टार, एक मॅन्युअलचा कापला.